कुटुंबासह

भिंगारदिवे साहेबांना राग आला की ते गाणं म्हणायचे. त्यांच्या देवळातलं कुठलंतरी संथ गाणं, तोंड मिटून, नुसतं नाकातून. समोरचा माणूस तावातावानं बोलत असायचा आणि साहेब खाली मान घालून लिहीत गुणगुणत असायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काय आनंदी माणूस आहे. मग शिपाई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, तिसरं कडवं लागलं की आपण भाईर निघून जायचं."

मी वनखात्यात लागले ती अनुकंपा तत्त्वावर. माझा नवरा वनरक्षक होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी मला कारकून म्हणून घेतलं. नोकरी लागली म्हणून नातेवाइकांनी माझ्याकडं पेढे मागितले, यावरून काय ते समजा. न्हावऱ्याहून सकाळची एसटी धरायची, चौफुल्याच्या रस्त्याला कुरणाच्या नाक्यावर उतरायचं आणि संध्याकाळी परत. नाका म्हणजे पत्र्याची एक खोली, एक लोखंडी फाटक आणि फाटकामागं नजर पोचेल तिथवर गवत. सरकारी राखीव कुरण. झाड म्हणाल तर बाभळी आणि हिवर, तेही तुरळक. आत चिंकारा हरणं होती, लांडगे होते. लांडगा मला सगळ्या नोकरीत एकदाच दिसला, तोही पाठमोरा.

साहेब हुद्द्यानं वनपाल. पण शिरूर-दौंडच्या पट्ट्यात खाकी घातलेला कुणीही माणूस म्हणजे रेंजर, त्यामुळं ते रेंजरसाहेब झाले ते झालेच. काम एकच, पास देणं. गवत कापायचा पास, मेंढरं चारायचा पास, पडलेलं जळण न्यायचा पास. कुरणाचा कुठला तुकडा बंद ठेवायचा आणि कुठला खुला करायचा हे साहेब ठरवायचे, कागद मी लिहायचे, सही त्यांची.

कुरणात हिंडून आले की ते खुर्चीवर बसून मोज्यांतली कुसळं एकेक करून काढायचे. काढलेली कुसळं टेबलावर शाईच्या बाटलीच्या झाकणात जमवायचे आणि जाताना ते झाकण फाटकाच्या आत नेऊन झटकायचे. मी एकदा विचारलं, साहेब, हे काय? म्हणाले, "सरकारी बी आहे, बाई. घरी नेलं तर चोरी व्हायची." चेहरा असा गंभीर की हसावं का नाही ते कळेना. कुणी कितीही लहान, कितीही फाटका येवो, त्याला 'मालक' म्हणायचे. आणि कुणी टेबलावर हात आपटून पास मागितला की शांतपणे विचारायचे, "घाई आहे का?" तो म्हणायचा, "व्हय, लई घाई हाय." मग साहेब म्हणायचे, "मग उद्या या."

एकदा जवळच्या गावच्या एका पुढाऱ्यानं आपला माणूस पाठवला. बंद तुकड्यात त्याच्या दहा-बारा म्हशी सोडायच्या होत्या. साहेबांनी नाही म्हटलं नाही. खुल्या तुकड्याचा पास लिहायला घेतला आणि म्हणाले, "जनावराबरोबर मालक लागतो. नियम आहे. मालकांना घेऊन या." माणूस म्हणाला, मालक म्हंजी अण्णा? साहेब म्हणाले, "म्हशी त्यांच्या असतील तर तेच." तिसऱ्या दिवशी अण्णा खरंच आले, पांढऱ्या कपड्यांत, जीपमधून. साहेबांनी त्यांना चहा पाजला, हातात पास दिला आणि फाटक उघडून दिलं. जीप आत नेता येत नाही हेही सांगितलं. अण्णा कुसळी गवतातून म्हशींमागं वीसेक पावलं चालले असतील. परत आले तेव्हा धोतराला कुसळं अशी लागली होती की त्यांना बसता येईना. पुन्हा त्यांच्या म्हशी आल्या नाहीत. साहेबांनी त्यांच्या धोतराची कुसळंही काढली आणि झाकणात ठेवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

साहेब शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेले ख्रिस्ती. नाताळात करंज्यांचा डबा घेऊन यायचे आणि पहिली करंजी नाक्यावर जो कुणी धनगर उभा असेल त्याला द्यायचे. धनगरांवर त्यांचा जीव होता. का, ते मला धुळाबा आला त्या दिवशी समजलं.

धुळाबाच्या वाड्यात चार घरं होती, वाडा म्हणजे त्या लोकांचा फिरता तळ. त्याची बायको ठकूबाई आणि दोन लेकरं बरोबर होती, थोरला म्हाळू आणि धाकटी भागी. मी पासाचा कागद ओढला आणि विचारलं, "मेंढरं किती?" धुळाबानं माझ्याकडं असं पाहिलं की मी काही भलतंच विचारलं. म्हणाला, "हायती की देवाच्या दयेनं." मी म्हटलं, देवाच्या दयेनं ठीक आहे, पण आकडा सांगा. तो मेंढरांकडं बघायला लागला. मी पुन्हा विचारलं, जरा जोरातच. मला वाटलं, कुरण लुटायला आलेत आणि आकडा लपवतात. तेवढ्यात साहेब उठले, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि बाहेर जाऊन फाटक निम्मं उघडून उभे राहिले. मेंढरं आत शिरू लागली. साहेबांचे हात पाठीमागं होते आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. शेवटचं मेंढरू आत गेल्यावर ते आले, कागदावर तळहाताचा आडोसा धरून आकडा लिहिला, आकडा आतल्या बाजूला जाईल अशी घडी घातली आणि पास धुळाबाला दोन्ही हातांनी दिला. धुळाबानं तो न उघडता पटक्यात खोचला.

"त्यांच्यात आकडा तोंडानं काढत नाहीत, बाई," साहेब नंतर म्हणाले. "मोजलं की नजर लागते. मेंढरं ते तोंडानं ओळखतात, एकेक." मी म्हटलं, आणि तुम्ही ते मानता? साहेब म्हणाले, "आमच्या शास्त्रात एका राजानं आपली माणसं मोजली आणि देशावर मरी आली. मी कुठल्या तोंडानं त्यांना हसू?"

पुढच्या वर्षी पासाचा नवा छापील नमुना आला. त्यात एक रकाना वाढला होता, 'सोबतचे इसम व मुले, संख्या'. धुळाबाचा वाडा आला तेव्हा मी तो रकाना विचारला. या वेळी धुळाबाच्या आधी ठकूबाई पुढं आली. बाई उंच, काटक, आणि पोटुशी. म्हणाली, "मेंढराचं तुमी काय बी करा. लेकराचा आकडा नगं." मी म्हटलं, अहो, सरकारी कागद आहे. ती म्हणाली, "मागं असाच कागद घिऊन मास्तर आलता. चार लेकरं लिवून गेला. वरसाच्या आत दोन ऱ्हायली." मी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "लिहा, कुटुंबासह." मी म्हटलं, साहेब, रकाना आकड्याचा आहे. साहेब गुणगुणायला लागले. मी लिहिलं, 'कुटुंबासह'. तो शब्द माझ्या हातचा आहे. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

ठकूबाई अवघडलेली म्हणून त्या वर्षी धुळाबाचा वाडा कोकणात उतरला नाही. गवत कापून झालेला तुकडा साहेबांनी त्यांना खुला करून दिला आणि आतच तळ टाकू दिला. तिथंच ठकूबाई बाळंत झाली, मुलगा झाला. साहेबांनी घरून डिंकाचे लाडू आणले. भागी तेव्हा सहा वर्षांची असेल. ती नाक्यावर पाणी प्यायला यायची, माझ्या टेबलापाशी उभी राहून मी लिहिताना बघायची आणि काही न बोलता परत जायची. मीही कधी तिच्याशी धड बोलले नाही. कामात असायचे, आणि खरं सांगायचं तर नवरा गेल्यापासून मला लेकरांशी बोलायला नको वाटायचं.

माघातली दुपार होती. नदीकडच्या बाजूला कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. कुणी, ते पुढं ठरलं नाही. वारा फिरला आणि आग बंद तुकड्यातल्या उभ्या गवतात शिरली. वाळलेलं गवत किती भराभरा जळतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वनरक्षक लिंबाच्या डहाळ्या घेऊन आग झोडपायला धावले आणि साहेब स्वतः वाड्याकडं पळाले. थोड्या वेळानं धुरातून मेंढरं आली, मग घोडी, घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, मग बायका आणि लेकरं. ठकूबाई तान्हं घेऊन घोड्यावर होती. सगळे फाटकाबाहेर रस्त्यावर आले.

साहेब फाटकात उभे राहिले आणि ओरडून विचारलं, "सगळे आले का?"

"आलं, सायेब," धुळाबा म्हणाला. "समदी आली."

साहेबांनी माझ्याकडं हात केला. म्हणाले, "बाई, पासाच्या प्रती." मी चारही घरांच्या प्रती आणून दिल्या. त्यांनी मेंढरं मोजली, अंगठ्यानं नाही, बोट दाखवून. मेंढरं बरोबर भरली. मग धुळाबाच्या कागदावर त्यांची नजर खाली सरकली आणि थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. तिथं मोजण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं. रस्त्यावर लेकरांचा घोळका होता, चार घरांची लेकरं, कुणी रडतंय, कुणी कोंबडी धरतंय. साहेबांनी पुन्हा विचारलं, सगळी आहेत ना? चार-पाच जणांनी एकदम सांगितलं, व्हय व्हय.

ठकूबाईला वाटत होतं भागी चुलतीपाशी आहे. चुलतीला वाटत होतं भागी आईच्या घोड्यावर आहे. दोघींत खोटं कुणीच बोललं नाही. पंधरा-वीस मिनिटं गेली. मेंढरांना पाणी पाजून झालं. मग म्हाळू सगळ्यांच्या मधून फिरून आला आणि म्हणाला, "भागी कुठाय?"

प्रती माझ्या हातात कोंबून साहेब पळाले. त्यांच्या मागं धुळाबा पळाला. चुलतीनं तिला दुपारी हिवराच्या सावलीत झोपवलं होतं, तिथंच ती होती. आग त्या झाडापर्यंत आलीच नव्हती. धुरानं गेली. साहेबांनी तिला आपल्या खाकी शर्टात गुंडाळून आणलं आणि ठकूबाईच्या पायापाशी ठेवलं. अंगात नुसती बनियन, सगळं अंग काळं. ठकूबाई खाली वाकली नाही. ती साहेबांच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि ते तिच्या पायाकडं. मला अजून कधी कधी वाटतं, मी तेव्हा पुढं होऊन त्या बाईला धरायला हवं होतं. मी पासाच्या प्रती छातीशी धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी वरचा एक अधिकारी आला. माणूस वाईट नव्हता. साहेबांची नोकरी दोन-अडीच वर्षं उरली होती आणि त्याला त्यांना वाचवायचं होतं. म्हणाला, "भिंगारदिवे, पासावर मुलीचं नाव नाही, आकडा नाही. पंचनाम्यात लिहा, मूल बाहेरून आत शिरलं. आपल्या कागदावर ती नव्हतीच."

साहेब म्हणाले, "ती आत होती, सर. कागदावर नव्हती, ते मी केलं."

अधिकारी म्हणाला, तशी एक ओळ लिहिली तर निलंबन होईल, कळतंय का? साहेबांनी मान हलवली. मग धुळाबाचा जबाब घ्यायला घेतला. धुळाबानं न विचारताच सांगून टाकलं, "रेंजरसायबांनी इचारलं व्हतं. आमीच आकडा सांगितला न्हाई. चूक आमची हाय." डोळ्याला डोळा न देता, घडाघडा. कालच लेक पुरलेला माणूस साहेबांना वाचवत होता. साहेबांनी तो जबाब थांबवला. म्हणाले, "मालक, असं नका करू. निदान हे तरी मला करू द्या." आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, भागी धुळा, वय सहा, परवान्यावर नोंद न केल्यामुळे आत असल्याचे समजले नाही, नोंद न करण्याचा निर्णय माझा.

मी म्हटलं, साहेब, अक्षर माझं आहे, माझंही नाव घाला. म्हणाले, "अक्षराला शिक्षा नसते, बाई. सहीला असते."

निलंबन झालं. पोर निदान सरकारी कागदावर आली, एवढंच त्यांना हवं होतं असं मला वाटलं. चुकलंच माझं. त्यांना काय हवं होतं ते मला दोनेक महिन्यांनी कळलं, मी शिरूरला त्यांच्या घरी गेले तेव्हा. ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली. रविवार होता, देवळाची घंटा वाजली, पण ते उठले नाहीत. मी विचारलं, जात नाही? म्हणाले, "गेलो होतो. पाळकांनी त्या मेंढपाळाची गोष्ट घेतली. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि नव्व्याण्णव सोडून तो त्या एकाला शोधायला जातो." मी म्हटलं, चांगली गोष्ट आहे. साहेब म्हणाले, "मी लहानपणापासून ऐकतोय. कधी लक्षात आलं नाही, बाई. त्यानं मोजली होती. मोजली होती म्हणून तर त्याला कळलं एक कमी आहे." मी उठताना म्हणाले, "ती बाई काय म्हणते?" मी म्हटलं, कोण? म्हणाले, "ठकूबाई. माझ्याबद्दल." मला काही माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

निलंबन उठल्यावर साहेब परत त्याच नाक्यावर आले. त्या उजाड जागी दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. आल्या आल्या त्यांनी नियम बदलला. आत तळ टाकायचा नाही. पासावर प्रत्येक माणसाचं नाव आणि वय, तान्ह्या पोराचंसुद्धा. दिवस मावळायला सगळ्यांनी फाटकातून बाहेर यायचं, आणि साहेब स्वतः पास हातात धरून एकेकाला मोजणार, मोठ्यानं. धनगरांना ते रुचलं नाही. कुणी म्हणालं, रेंजरचं डोकं फिरलं. कितीतरी वाडे दुसऱ्या कुरणांकडं गेले. साहेब कुणाशी भांडले नाहीत. आता ते रागावतही नव्हते आणि गुणगुणतही नव्हते. मला त्या शांततेत काम करवेना. मी बदलीचा अर्ज टाकला, आणि हे त्यांना सांगताना मला लाज वाटली.

पुढं ते निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. मला ते उशिरा कळलं, मातीलाही जाता आलं नाही. म्हणून माझ्याजवळ त्यांचा शेवटचा दिवस आहे तो माझ्या बदलीआधीचा, नाक्यावरचा माझा शेवटचा.

त्या सकाळी धुळाबाचं बिऱ्हाड फाटकाशी उभं राहिलं. आगीनंतर पहिल्यांदाच. पावसानं दगा दिला होता आणि दुसरीकडं कुठं चारा नव्हता, नाहीतर ते आले नसते. ठकूबाईच्या कडेवर धाकटा होता. साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः लिहायला बसले. मान वर केली नाही. म्हणाले, "नावं सांगा, मालक."

धुळाबानं स्वतःचं सांगितलं. मग ठकूबाई टेबलापाशी आली आणि स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "म्हाळू."

"वय?"

"धा."

साहेबांनी लिहिलं.

"भागी," ठकूबाई म्हणाली.

पेन थांबलं. धुळाबा हळूच म्हणाला, "अगं, काय बोलतीस." तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती साहेबांकडं बघत होती. म्हणाली, "औंदा सातवं लागलं तिला. मागल्या बारीला लिवली न्हाई, सायेब. आता लिवा."

तिच्या आवाजात राग होता की माया होती, हे मी इतकी वर्षं ठरवतेय. साहेबांनी वर पाहिलं. दोघांची नजर बराच वेळ भिडलेली होती. मग त्यांनी लिहिलं, भागी धुळा, वय सात. त्याखाली धाकट्याचं लिहिलं. सही केली. ती नोंद मी रजिस्टरात उतरवली. चार माणसं समोर उभी होती, मी पाच लिहिली आणि माझा हात थांबला नाही.

दिवस मावळायला मी रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होते. धुळाबाची मेंढरं बाहेर आली, मागं माणसं आली. साहेब पास धरून मोजत होते. धुळाबा एक, ठकूबाई दोन, म्हाळू तीन, कडेवरचा चार. ते सगळे रस्त्याला लागले आणि मेंढरांच्या धुळीत दिसेनासे झाले. वनरक्षक कुलूप घेऊन फाटकापाशी आला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. तो काही बोलला, साहेबांनी मान हलवली, मग तो बाजूला जाऊन उभा राहिला. साहेब गवताकडं तोंड करून उभे होते.

एसटी आली. मी चढले आणि मागच्या खिडकीशी बसले. गाडी वळणावर जाईपर्यंत मला फाटक दिसत होतं, ते उघडंच होतं.